अडीनडीचा ॲम्प: व्हॉक्स एमव्ही५० क्लीन आणि त्याचे भाऊबंद

गिटारचा आवाज मोठा करणारा ॲम्प राखीव म्हणून निवडताना त्याचा आवाज सगळ्यात शेवटी बघायचा, हे माझं मत आधीच सांगून टाकते. सुंदर आवाजासाठी मुख्य ॲम्प आहेच. राखीवाचं काम एकच: मुख्य ॲम्प ऐन कार्यक्रमात गप्प झाला, तर पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत गिटार परत ऐकू आली पाहिजे. या कसोटीवर बरेच नावाजलेले ॲम्प बाद होतात आणि दिसायला किरकोळ असलेले काही डबे वर येतात. माझ्या बॅगेत आता व्हॉक्सचा एमव्ही५० क्लीन असतो. तो का, आणि तो कुणी घेऊ नये, दोन्ही सांगते.

आधी माझं सामान काय ते ऐका, कारण निवड त्यावर अवलंबून आहे. बँडमध्ये दोन गिटार, बास, ड्रम आणि गायिका. मी ऱ्हिदम वाजवते. मुख्य ॲम्प पंधरा वॅटचा व्हॉल्व्ह कॉम्बो, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा ॲम्प आणि एक बारा इंची स्पीकर एकाच खोक्यात. आवाज खरखरीत करणारा ओव्हरड्राइव्ह, प्रतिध्वनी देणारे डिले आणि रिव्हर्ब असं सगळं पायाशी ठेवलेल्या पेडलबोर्डवर आहे. ॲम्पकडून मला फक्त स्वच्छ, भरदार आवाज हवा असतो. तुमचा सगळा डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला आवाज, ॲम्पमधूनच येत असेल तर तुमचं उत्तर थोडं वेगळं निघेल. त्याबद्दल पुढे येतेच.

व्हॉल्व्ह ॲम्प बंद पडायच्या तऱ्हा बहुतेक ठरलेल्या असतात. फ्यूज उडतो. प्रीॲम्पमधली (गिटारचा सिग्नल आधी वाढवणारा भाग) १२एएक्स७ ही छोटी नळी खरखरायला किंवा शिट्टी मारायला लागते. नाहीतर स्पीकरला ताकद देणारा पॉवर व्हॉल्व्ह जातो: आतली प्लेट लालभडक होते आणि थोड्याच वेळात आवाज बसतो. फ्यूज उडाला असेल तर तेवढ्याच ॲम्पियरचा आणि त्याच जातीचा फ्यूज एकदा लावून बघावा. ‘टी’ लिहिलेला असेल तर तो हळू उडणारा, त्याच्या जागी तसाच हवा. तोही लगेच उडाला तर आत शॉर्ट आहे असं समजून ॲम्प बाजूला करावा. जास्त ॲम्पियरचा फ्यूज लावून वेळ मारून न्यायचा मोह होतो, पण मग फ्यूजच्या ऐवजी ट्रान्सफॉर्मर जळतो.

स्टेजवर मात्र हे सगळं तपासत बसायला सवड नसते. एक गोष्ट झटपट करता येते. ॲम्पला इफेक्ट लूप (प्रीॲम्प आणि पॉवर सेक्शनच्या मध्ये पेडल जोडायचे जॅक) असेल तर पेडलबोर्डमधून निघणारी केबल मागच्या रिटर्नमध्ये लावा. आवाज आला तर बिघाड प्रीॲम्पमध्ये आहे, पॉवर सेक्शन आणि स्पीकर धडधाकट आहेत, आणि तो कार्यक्रम तसाच पार पडू शकतो. आवाज नाही आला तर राखीव बाहेर काढायची वेळ झाली.

आता यातली खरी कामाची गोष्ट. या सगळ्या तऱ्हांमध्ये स्पीकरला काहीच झालेलं नसतं. गिटारचा स्पीकर एवढ्यातेवढ्याने जात नाही. म्हणजे बंद पडलेल्या कॉम्बोच्या खोक्यातही एक उत्तम, तुमच्या ओळखीचा बारा इंची स्पीकर शाबूत असतो. मग दुसरा स्पीकर, दुसरं लाकडी खोकं आणि त्याचं वजन कशाला वागवायचं? हे लक्षात आल्यावर मी राखीव कॉम्बो बघणं सोडलं आणि छोट्या हेडकडे, म्हणजे स्पीकर नसलेल्या नुसत्या ॲम्पकडे, वळले.

एमव्ही५० क्लीन अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, नेमकं सांगायचं तर ५४० ग्रॅम. तळहातावर मावतो. समोर तीन बटणं: व्हॉल्यूम, ट्रेबल, बेस. त्यांच्या शेजारी काट्याचा छोटा मीटर, वाजवताना त्यातला काटा हलतो. बस. रिव्हर्ब नाही, इफेक्ट लूप नाही, दुसरा चॅनल नाही. राखीव म्हणून मला हे फार आवडलं, कारण अंधाऱ्या स्टेजवर, हात घाईत असताना, चुकीचं काही दाबलं जाण्याची शक्यताच उरत नाही. मी ट्रेबल आणि बेस माझ्या कॉम्बोच्या जवळ आणून ठेवले आणि त्या जागी पांढऱ्या रंगाच्या खुणा केल्या. गरज पडली की व्हॉल्यूम तेवढा फिरवायचा.

आत न्यूट्यूब नावाचा भाग आहे. कॉर्ग आणि नोरिताके या जपानी कंपन्यांनी तो २०१५ मध्ये जाहीर केला. जुन्या कॅसेट डेकवर हिरवे-निळे आकडे दाखवणारे चकाकते पडदे असायचे, त्या तंत्रातून हा व्हॉल्व्ह निघाला. चपटा, कमी वीज खाणारा, आणि कंपनी त्याचं आयुष्य ३०,००० तास सांगते. व्हॉक्स हा ब्रँड १९९२ पासून कॉर्गकडेच आहे, म्हणून तो या ॲम्पमध्ये आला. त्याने आवाजात किती ऊब येते यावर वादावादी चालते. मला विचाराल तर ऊब आहे, पण माझ्या निवडीचं कारण ते नाही. कारण पुढच्या टप्प्यात आहे. पॉवर सेक्शन क्लास डी, म्हणजे ट्रान्झिस्टर प्रचंड वेगाने चालू-बंद होत राहतात, त्यामुळे उष्णतेत वीज फारशी वाया जात नाही. उष्णता बाहेर टाकणारा मोठा हीटसिंक नको आणि लोखंडाचे जड ट्रान्सफॉर्मरही नकोत. व्हॉल्व्ह ॲम्प उचलताना कंबर धरते ती मुख्यतः त्या लोखंडाने. ते गेलं की उरतं अर्धा किलो.

वॅटबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण राखीव ॲम्प घेताना सगळे पैसे तिथेच चुकीच्या जागी जातात. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॅट दहापट. २५ आणि ५० वॅटमधला फरक ऐकू येतो, पण खिशाला जाणवतो तेवढा कानाला जाणवत नाही. उलट स्पीकर बदलल्याने फार फरक पडतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती आवाज मिळतो, याला स्पीकरची संवेदनशीलता म्हणतात. सेलेस्टियनच्या व्हिंटेज ३० चा हा आकडा १०० डेसिबल आहे. ९७ डेसिबलचा स्पीकर काढून १०० चा बसवला तर ॲम्पला हात न लावता वॅट दुप्पट केल्यासारखं होतं. आधीच चांगला स्पीकर असलेल्या माणसाला २५ वॅटचा हेड पुरतो, याचं रहस्य हेच.

एमव्ही५० च्या नावातले ५० वॅट ४ ओहमच्या स्पीकरवर मिळतात (ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा). ८ ओहमवर २५, आणि १६ ओहमवर साडेबारा. माझा स्पीकर ८ ओहमचा, म्हणजे मला २५ मिळतात. कुणाकडे १६ ओहमचं चार स्पीकरवालं मोठं कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचं वेगळं खोकं, असेल तर वॅट कमी दिसतील, पण चार स्पीकर मिळून हवा जास्त हलवतात, त्यामुळे प्रत्यक्षात तूट तेवढी जाणवत नाही.

आणखी एक. व्हॉल्व्हचे पंधरा वॅट आणि ट्रान्झिस्टरचे पंधरा वॅट बँडमध्ये सारखे वागत नाहीत. व्हॉल्व्हला मर्यादेपलीकडे ढकललं तर आवाज हळूहळू दाटत जातो आणि तेच आपल्याला गोड लागतं. ट्रान्झिस्टरचा पॉवर सेक्शन शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम फाटतो. म्हणून पंधरा वॅटच्या व्हॉल्व्हला राखीव शोधताना ट्रान्झिस्टरचे किमान पंचवीस तरी धरावेत, आणि ड्रमरचा हात जड असेल तर त्याहून वर. आमच्या ड्रमरचा हात जडच आहे. रिहर्सलच्या खोलीत एमव्ही५० चा व्हॉल्यूम पाऊण फिरवला की मी ऐकू येते, आवाज न फाटता. मोठ्या स्टेजवर कॅबिनेटसमोर माईक लागतोच, तो मुख्य ॲम्पलाही लागतो.

अदलाबदल कशी होते ते जवळून सांगते. कॉम्बोचा स्विच बंद करायचा. मागे वाकून चेसिसमधून निघालेली स्पीकरची जाड पिन उपटायची आणि ती राखीव हेडच्या स्पीकर जॅकमध्ये घालायची. पेडलबोर्डमधून आलेली केबल कॉम्बोच्या इनपुटमधून काढून हेडच्या इनपुटमध्ये. अडॅप्टर प्लगमध्ये. व्हॉल्यूम शून्यापासून हळूहळू वर. झालं. आवाज अगदी तोच नसतो, मधला पट्टा थोडा कोरडा वाटतो, पण स्पीकर तोच असल्यामुळे तो परका वाटत नाही. शेजारच्या गिटारवाल्याला फरक कळतो, समोर बसलेल्यांना नाही.

यासाठी घरीच दोन गोष्टी बघून ठेवा. पहिली, तुमच्या कॉम्बोच्या स्पीकरची वायर पिनने जोडलेली आहे की थेट डाग देऊन. डाग दिलेला असेल तर ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडून पिन बसवून घ्या, नाहीतर ही सगळी युक्ती फुकट. दुसरी, स्पीकरच्या चुंबकावर छापलेला ओहमचा आकडा. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पला सांगितलेल्या किमान ओहमच्या खाली नेऊ नये. त्यापेक्षा वर गेलं तर फक्त आवाज कमी होतो. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, १६ चे दोन जोडले की ८. व्हॉल्व्हच्या ॲम्पची अडचण उलटी: तो स्पीकर न जोडता चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून पिन उपटण्याआधी कॉम्बो बंद, यात तडजोड नाही.

आमच्या बासवाल्याने हे सगळं बघितलं आणि विचारलं, “ताई, स्पीकरला गिटारचीच केबल चालेल ना? पिन तर तीच आहे.” चालत नाही. गिटारच्या केबलमध्ये आतली तार बारीक असते आणि भोवती जाळीचं कवच असतं. ती नाजूक सिग्नलसाठी बनवलेली आहे. स्पीकरकडे करंट जातो, त्याला दोन जाड तारा लागतात. दिसायला सारख्या असल्यामुळे मी स्पीकरच्या केबलला दोन्ही टोकांना लाल पट्टी गुंडाळली आहे.

आता बाकीचे उमेदवार, कारण प्रत्येकाला एमव्ही५० सोयीचा पडेल असं नाही.

ऑरेंजचा मायक्रो टेरर अजून साधा आहे. २० वॅट, प्रीॲम्पमध्ये एक खरीखुरी १२एएक्स७, पुढे ट्रान्झिस्टरचा पॉवर सेक्शन, वजन किलोपेक्षा कमी. बटणं तीनच: व्हॉल्यूम, टोन, गेन. गेन वर नेला की रॉकला लागतो तसा खरखरीत, चावरा आवाज येतो, आणि ॲम्पमधूनच डिस्टॉर्शन घेणाऱ्यांसाठी मी यालाच पहिला नंबर देईन. स्वच्छ आवाजावर मात्र जोराच्या ड्रमपुढे तो लवकर दमतो, आणि किमान ८ ओहमची अट आहे, म्हणजे ४ ओहमच्या कॅबिनेटला जोडायचा नाही. त्याचाच भाऊ मायक्रो डार्क. त्याला इफेक्ट लूप आहे आणि हेडफोनच्या जॅकमध्ये कॅबिनेटचा आभास घातलेला आहे, म्हणजे आवाज स्पीकरच्या खोक्यातून आल्यासारखा घडवून बाहेर येतो, त्यामुळे तो थेट साउंडवाल्याच्या मिक्सरलाही देता येतो. जड संगीत वाजवणाऱ्यांनी तो आधी बघावा.

इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ४४ मॅग्नम तर पेडलच आहे. बोर्डवरच बसतो, ८ ओहमवर ४४ वॅट देतो, बटण एक आणि नॉर्मल-ब्राइट असा एक स्विच. प्रीॲम्प असा वेगळा नाही, त्यामुळे त्याच्या आधी टोन घडवणारं एखादं पेडल हवंच. ज्यांच्या बोर्डवर चांगला प्रीॲम्प पेडल आहे त्यांच्यासाठी याहून सुटसुटीत काही नाही. त्याला स्वतःचा २४ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. बोर्डच्या ९ व्होल्टच्या पुरवठ्यावर तो चालणार नाही, आणि एमव्ही५० सुद्धा नाही, त्याला १९ व्होल्ट लागतात. अडॅप्टर हरवला तर असल्या ॲम्पचा काही उपयोग नाही, म्हणून अडॅप्टर कधीही घरच्या प्लगमध्ये लावून ठेवायचा नाही, तो ॲम्पच्या पिशवीतच राहतो.

मग कॉम्बो कुणी घ्यावा? ज्याला राखीव ॲम्प रिहर्सललाही रोज वापरायचा आहे त्याने. मुख्य ॲम्प घरी किंवा स्टुडिओत ठेवून सरावाला दुसराच न्यायचा असेल तर बॉसचा कटाना ५० हे मला सगळ्यात शहाणपणाचं उत्तर वाटतं. बारा इंची स्पीकर, वजन बारा किलोच्या आत, आणि मागे-पुढे शोधाशोध न करता अर्धा वॅट, २५ आणि ५० वॅट असं बदलता येतं. अर्ध्या वॅटवर रात्री घरी, पन्नासवर ड्रमसोबत. त्याचा क्लीन चॅनल पेडल छान पेलतो. हेडफोन आणि रेकॉर्डिंगचा जॅक मात्र एकच आहे आणि त्यात पिन घातली की स्पीकर गप्प होतो, म्हणजे स्टेजवर स्वतःच्या ॲम्पचा आवाजही ऐकायचा आणि मिक्सरलाही लाइन द्यायची, हे ५० मध्ये जमत नाही. ज्यांना ते हवं त्यांनी १०० च्या मॉडेलकडे बघावं.

जुना घ्यायची तयारी असेल तर पीव्हीचा बँडिट ११२ शोधा. ट्रान्झिस्टरचा, बारा इंची, जड, पण दणकट. १९८० च्या दशकापासून त्याच्या पिढ्या निघत आल्या आहेत. जुना घेताना सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून खरखर ऐका, प्रत्येक जॅकमध्ये पिन घालून हलकेच हलवा, आणि अर्धा तास चालू ठेवून परत वाजवा. थंड असताना नीट वाजणारा आणि गरम झाल्यावर बसणारा ॲम्प राखीव म्हणून घेण्यात अर्थ नाही.

हल्ली बरेच जण ॲम्पच नको म्हणतात, सरळ मिक्सरमध्ये जातात. राखीव व्यवस्था म्हणून ही वाट मोकळी असलीच पाहिजे. पण गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही, आणि डिस्टॉर्शनमध्ये त्या वरच्या भागात खूप कचरा असतो. स्पीकरचा आभास न घालता पेडल थेट मिक्सरला दिला तर आवाज डब्यात कोंडलेल्या मधमाश्यांसारखा येतो. म्हणून छोटा हेड घेताना लाइन आउटमध्ये कॅबिनेटचा आभास आहे का हे जरूर बघा. एमव्ही५० मध्ये आहे. स्पीकरच फाटला तरी साउंडवाल्याला “दादा, एक लाइन द्या” एवढं म्हणून मी कार्यक्रम पूर्ण करू शकते. मग मी मला स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमधून ऐकते. हाताला ती हवेची धडक जाणवत नाही, पण गाणं थांबत नाही.

ॲम्प तपासायचा तर बँडसोबतच तपासा. एकटं, हळू आवाजात वाजवून केलेली निवड स्टेजवर टिकत नाही, आणि त्याला कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं की हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात. घरी भरदार वाटावं म्हणून बेस वाढवून ठेवलेला ॲम्प जोरात वाजवला की बासगिटारच्या हद्दीत शिरतो आणि सगळा चिखल होतो. मधले सूर कमी करून ठेवले असतील तर झांजांच्या गजरात गिटार हरवतेच. मी राखीवाचा बेस मुख्य ॲम्पपेक्षा कमी ठेवते. एकटीने ऐकला तर किरकिरा वाटतो, बँडमध्ये नेमका बसतो.

एमव्ही५० क्लीन कुणी घेऊ नये? ज्याच्या बोर्डवर रिव्हर्ब नाही आणि रिव्हर्बशिवाय ज्याला सुचत नाही, त्याने. ज्याला चॅनल बदलणं लागतं, त्यानेही. ज्याच्या मुख्य ॲम्पच्या स्पीकरपर्यंत पोहोचता येत नाही आणि वेगळं कॅबिनेटही नाही, त्याला तर हा डबा स्टेजवर मुकाच राहील. आणि एक छोटी सूचना: मागे इको नावाचा स्विच आहे. तो चालू असेल तर काही वेळ सिग्नल आला नाही की ॲम्प आपोआप बंद होतो. राखीव म्हणून जोडून ठेवणार असाल तर तो आधी बंद करा.

अर्धा किलोचा कुठलाही हेड कॉम्बोवर ठेवला की जाड स्पीकर केबलच्या ताणाने सरकतो, म्हणून मी खाली रबराचा तुकडा ठेवते आणि केबल हँडलमधून ओवून घेते. पिशवीत त्याच्याबरोबर अडॅप्टर, लाल पट्टीची केबल, मुख्य ॲम्पचे दोन फ्यूज आणि छोटी विजेरी असते. मधूनमधून एखादी पूर्ण रिहर्सल मी राखीवावरच करते, मुख्य ॲम्प शेजारी असला तरी. मागच्या वेळी गायिकेने दुसऱ्या गाण्यानंतर वळून विचारलं, “आज गिटार जरा पुढे आहे का गं?” मी ट्रेबल एक घर खाली घेतला, पांढरी खूण पुसली आणि नव्या जागी केली.